‘कानाने ऐकता येत नाही त्यांचे चोचले’: एका प्रतिक्रियेला उत्तर

गाडी चालवताना इंजिनचे आकडे समोर दिसावेत म्हणून कोणता टॅब घ्यावा, यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की, ओबीडी सॉकेटच्या (स्टिअरिंगखालचं, गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती बाहेर काढायचं सॉकेट) 16 नंबरच्या पिनबद्दल मी चुकीचं लिहिलं, टॅबऐवजी फोन पुरतो, नागपूरच्या उन्हात टॅबची बॅटरी फुगेल, हे सगळं कायद्यात बसत नाही, आणि शेवटी: “ज्यांना इंजिन कानाने ऐकता येत नाही त्यांचे हे चोचले आहेत. आमचा मिस्त्री बॉनेटवर हात ठेवून सांगतो काय बिघडलं ते.”

पिनचं आधी मिटवतो, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. चावी काढली की 16 नंबरच्या पिनचा करंट जातो, असं मी लिहिलं होतं. तो जात नाही. ती पिन थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडलेली असते आणि गाडी बंद असतानाही डोंगल, म्हणजे त्या सॉकेटमध्ये खोचून टॅबला आकडे पाठवणारी डबी, त्यावर चालू राहतं. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर डोंगल काढून ठेवावं, हे मी लिहायला हवं होतं. माझी चूक, मान्य.

पण हे सांगायला “आधी अभ्यास करा, मग लोकांना शिकवा” हे वाक्य लागत नव्हतं. पिनचा नंबर तुम्ही एका ओळीत सांगू शकला असता आणि मी एका ओळीत आभार मानले असते. माझ्या लेखात कुठेही मी कोणाला कमी लेखलेलं नाही. चार महिने तीन टॅब बदलून, स्वतःचे पैसे घालून जे कळलं ते लिहिलं. त्यावर अनोळखी माणूस येऊन “चोचले” म्हणतो तेव्हा त्रास होतो. झाला.

आता त्या कानाच्या वाक्याकडे येतो, कारण खरा मुद्दा तोच आहे.

माझे बाबा ट्रक चालवायचे. नागपूर ते जबलपूर, मनसर, देवलापार, खवासा, शिवनी, तोच रस्ता, वीस वर्षांच्या वर. शाळेला सुट्टी लागली की मी केबिनमध्ये त्यांच्या बाजूला. इंजिनात डिझेल फवारणारं एखादं नोजल नीट मारत नसलं तर बाबा चढावर दोन मिनिटांत सांगत, आणि वाडीला गाडी लागली की मिस्त्री तेच नोजल काढायचा. तेव्हा कानाचं कौतुक मला तुम्ही सांगायची गरज नाही, मी त्याच घरात वाढलो.

पण त्याच ट्रकच्या डॅशबोर्डवर पाण्याच्या गरमीचं गोल मीटर होतं. त्याच्या काचेवर बाबांनी आईच्या नेलपॉलिशने एक लाल रेघ ओढली होती. रेघ सरळ नव्हती, वरच्या टोकाला थेंब वाळून जाड झाला होता, आणि दर दिवाळीला आई ती पुन्हा ओढून द्यायची. बाबांच्या हाताखाली शिकणारा एक क्लीनर होता, त्याला ते म्हणायचे, “काटा इथलोक आला का गाडी बाजूले घ्याची. मले विचारत बसाचं नाही.” म्हणजे नोजल कानाने ओळखणारा माणूससुद्धा पाण्याची गरमी कानावर सोडत नव्हता. पाणी कमी व्हायला लागतं तेव्हा आवाज येत नाही. इंजिन ओढ टाकायला लागतं, टकटक ऐकू येते, तेव्हा हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, तापून गेलेलं असतं.

आणि ती रेघ ओढायला मीटर तरी होतं. आजच्या कितीतरी छोट्या गाड्यांत काटाच नाही, निळा आणि लाल असे दोन दिवे आहेत. निळा म्हणजे इंजिन थंड, लाल म्हणजे आता थांबा. मधलं काहीच नाही. जिथे काटा आहे तिथेही बहुतेक गाड्यांत तो मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो. गरमी बऱ्यापैकी वरखाली झाली तरी तो हलत नाही, म्हणजे मालक घाबरून दर आठवड्याला वर्कशॉपला येत नाही. तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे, आणि काटा हलतो तेव्हा एकदम वर जातो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात अमरावतीहून येताना तळेगावजवळच्या सत्याग्रही घाटात माझ्या गाडीचं इंजिन गेलं. रेडिएटरचा खालचा होज पाइप क्लिपपाशी चिरला होता. एसी चालू, काचा बंद, आई मागे झोपलेली. मला काहीही ऐकू आलं नाही. लाल दिवा लागला, मी गाडी बाजूला घेईपर्यंत शेदोनशे मीटर गेले असतील. हेड उतरवलं, वाकलं होतं, फेसिंग मारलं, गॅस्केट नवीन, मजुरी, टोचन करून आणायचा खर्च, सगळं मिळून अडतीस हजार. आई साठीच्या पुढची, दोन तास रस्त्याकडेच्या पळसाखाली बसली होती. त्या दिवशी ठरवलं की बाबांची लाल रेघ मला माझ्या गाडीत परत पाहिजे.

ती रेघ म्हणजे हा टॅब. त्याला तुम्ही चोचले म्हणून राहिले.

डोंगल लावल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, ऑटोमोटिव्ह चौकाच्या अलीकडे कामठी रोडवर गाड्यांची रांग लागली होती. मी हळूहळू पुढे सरकत होतो. पाण्याच्या गरमीचा नेहमी 88 ते 92 अंशांमध्ये असणारा आकडा 95 झाला. मग 98. मग 101. दिवा नाही, आवाज नाही, वास नाही. बाहेरचं ट्रॅफिक एवढं की रेडिएटरचा पंखा फिरतो की नाही हे ऐकू येणंच शक्य नव्हतं. 103 ला मी एसी बंद केला, इंजिनची गरमी ओढून घ्यायला हीटर पूर्ण सोडला, काचा खाली केल्या आणि डावीकडे एका टायरवाल्याच्या दुकानापुढे गाडी घेतली. पंखा थांबलेला होता. त्याचा रिले, म्हणजे त्याला करंट देणारा स्विच, गेला होता. मोकळ्या रस्त्यावर वेग असेपर्यंत वाऱ्याने भागत होतं, रांगेत अडकल्यावर भागेना. रिले बदलायला अर्धा तास लागला आणि हेड उतरवावं लागलं नाही. हा आकडा दिसला नसता तर तुमच्या मिस्त्रीने कुठे हात ठेवला असता?

बॉनेटवर, असं तुम्ही म्हणता. मे महिन्यात दुपारी दोनला धंतोलीत उभ्या असलेल्या कोणत्याही बंद गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून बघा. या शहरात 2013 च्या मे महिन्यात पारा 47.9 वर गेला होता. त्या उन्हात बंद गाडीच्या पत्र्यावरही हात ठेवता येत नाही, मग त्यावरून आतलं पाणी 90 आहे की 105 हे कसं कळणार?

शिवाय इंजिन आता तेच राहिलेलं नाही. कॉमन रेल डिझेलमध्ये सगळ्या नोजलना एकाच पाइपातून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं. त्या रेलचं प्रेशर नुसतं आयडलिंगला दोन-तीनशे बार असतं, जोर लावला की हजाराच्या बरंच वर जातं, आणि किती डिझेल कधी मारायचं हे ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सेन्सरवरून ठरवतो. भारतात 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराचं मानक आलं, त्यानंतरच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर बसला. तो किती भरला, त्याची सफाई सुरू आहे की अर्धवट सुटली, हे जगातल्या कोणत्याही कानाला कळत नाही. शहरातल्या शहरात सदर ते महाल, महाल ते सदर एवढंच रोज चालवणाऱ्याचा फिल्टर कोंबून बसतो आणि बिल आलं की तो गाडीला शिव्या देतो. आकडा समोर असता तर त्याने रविवारी वर्धा रोडला बुटीबोरीपर्यंत एका वेगात गाडी पळवून आणली असती आणि फिल्टरची सफाई पूर्ण झाली असती.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, तुम्ही विचारली नसली तरी. स्क्रीनवरचा आकडाही फसवू शकतो. पाणी पूर्ण वाहून गेलं आणि सेन्सर कोरडा पडला तर तो वाफेची किंवा हवेची गरमी दाखवतो, आणि इंजिन तापत असताना आकडा उलट खाली येतो. म्हणून मी नुसता आकडा बघत नाही, त्याची चाल बघतो. सपाट रस्त्यावर कारण नसताना आकडा अचानक पडला तरी मी थांबतो. हे समजायला इंजिन कळावं लागतं. तुम्ही म्हणता त्याच्या बरोबर उलट आहे हे: ज्याला इंजिन कळत नाही त्याला या स्क्रीनचा काडीचा उपयोग नाही.

उन्हाचं तुम्ही म्हणालात. लेख नीट वाचला असता तर दिसलं असतं की त्याचा अर्धा भाग उन्हावरच आहे. लिथियम बॅटरी 45 अंशांच्या वर चार्ज करायची नसते. आयपॅडची कंपनी तर वापरायची मर्यादाच 35 अंश सांगते, म्हणजे आपल्याकडे मार्च संपला की संपलं. म्हणूनच मी लिहिलं की टॅब काचेला चिकटवायचा नाही, मधल्या एसीच्या जाळीसमोर खाली बसवायचा. थंड हवा त्याच्या पाठीवर येते. एसीचा एक झोत अडतो, तेवढं सोसायचं. चार्जिंग 80-85 टक्क्यांवर थांबवायची सोय टॅबमध्ये असली तर ती लावायची. गाडी उभी केली की टॅब पिशवीत घालून सोबत न्यायचा, मग पाच मिनिटांचं काम असलं तरी. माझा सध्याचा टॅब अशाने दोन उन्हाळे काढून बसला आहे. फुगलेला नाही. आधीचा एक फुगला होता, तो मी काचेवर लावायचो, आणि हेही मी लेखात लिहिलं आहे.

फोन पुरतो म्हणता. पुरत असेल तुम्हाला. माझ्या फोनवर कामाचे फोन येतात, आणि फोन आला की आकडे झाकले जातात. नेमके तेव्हाच ते दिसले नाहीत तर काय उपयोग? आठ-पावणेनऊ इंची टॅब मी सांगितला तो याचसाठी की, चार आकडे बोटाएवढे जाड दिसतात आणि टॅब काचेच्या कडेवर येत नाही. दहा इंची घेऊन पाहिला, डावीकडचा फूटपाथ दिसेना, परत केला. चारच आकडे का, तेही पुन्हा सांगतो: डोंगल एकेक आकडा विचारून, उत्तर घेऊन, मग पुढचा विचारतं. बारा गोल मीटर लावून स्क्रीन सजवली की प्रत्येक मीटर हळू होतो, जुन्या गाड्यांत तर फारच. पाण्याची गरमी, बॅटरीचे व्होल्ट, रेल प्रेशर किंवा बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब), आणि फिल्टर. बस.

ज्यांना खरंच टॅब घ्यायचा आहे त्यांच्यासाठी लेखात राहिलेली एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. उन्हाचा पोलराइज्ड गॉगल लावत असाल तर दुकानात तोच घालून जा. टॅब आडवा धरा, मग उभा धरा. काही स्क्रीन एका बाजूने पूर्ण काळ्या पडतात, आणि ती बाजू नेमकी आपण लावणार तीच निघते. सीताबर्डीला एका दुकानात मी तीन टॅब असे फिरवून पाहिले, दोन आडवे धरल्यावर काळे. मग ब्राइटनेस कितीही असो. आणि आयफोन-आयपॅडवाल्यांनी साधं ब्लूटूथ डोंगल घेऊ नये, ते त्यांच्याशी जुळत नाही. त्यांना वायफायचं किंवा ब्लूटूथ एलईचं लागतं.

कायद्याचं: मोटार वाहन कायद्याचं कलम 184 आणि ऑक्टोबर 2020 पासून लागू झालेला नियम मी वाचला आहे. तो हातात धरलेल्या उपकरणाबद्दल बोलतो. माझा टॅब हातात नसतो, चालत्या गाडीत मी त्याला बोट लावत नाही, आणि त्यावर सिनेमा चालत नाही. यापलीकडे मला त्यावर वाद घालायचा नाही.

तुमच्या मिस्त्रीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. अशा माणसांच्या हाताखाली मी वाडीच्या गॅरेजांत लहानाचा मोठा झालो. पण त्यांच्यातले जे आज टिकून आहेत त्यांच्या खिशात स्क्रू ड्रायव्हरसोबत इंजिनचे आकडे वाचणारा एक स्कॅनर असतो. तुमच्या मिस्त्रीलाही एकदा विचारा. तो नाही म्हणाला तर मला कळवा, मी शब्द मागे घेईन.

16 नंबरच्या पिनचा परिच्छेद आज रात्री दुरुस्त करतो. चूक कोणी दाखवली ते खाली लिहायचं आहे. तुम्ही नाव दिलेलं नाही. द्यायचं असेल तर संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर ‘एका वाचकाने लक्षात आणून दिलं’ असं लिहीन.