नोशनचा टेम्प्लेट घेतला म्हणून तुमचा हिशेब कुणाला दिसत नाही

नोंदी, हिशेब ठेवायच्या नोशन या ॲपबद्दल ‘नोशनमधला दुसऱ्याचा टेम्प्लेट (तयार पान) वापरला की आपला घरखर्च त्याला दिसतो’ असा मेसेज फिरतोय. चूक आहे. ‘डुप्लिकेट’ दाबलं की तुमच्या वर्कस्पेसमध्ये, म्हणजे नोशनमधल्या तुमच्या जागेत, स्वतंत्र प्रत तयार होते. तिचा मूळ पानाशी संबंध उरत नाही. त्यामुळे टेम्प्लेट देणाऱ्याने नंतर केलेली दुरुस्तीही तुमच्याकडे येत नाही. (त्याच्याच पानावर एडिटची परवानगी घेऊन लिहीत बसलात, तर मात्र दिसणारच.)

खरी काळजी टेम्प्लेट देणाऱ्याने घ्यावी. भरलेल्या नोंदीही प्रतीसोबत जातात. दूधवाल्याचा नंबर, भाड्याची रक्कम, आतली उपपानं, सगळं. नंतर मूळ पानावरून पुसलं तरी गेलेल्या प्रतींत ते राहतंच. म्हणून आधी आपल्या पानाची वेगळी प्रत काढा, तिच्यातल्या नोंदी पुसा आणि तीच वाटा.