पाणी चाळीस फुटांच्या आत असताना दया दाखवू नये

सांगलीकर माणूस मुळात दयाळू आहे, यावर वाद नको. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हा एरवी जिन्यात चप्पल ठेवली म्हणून भांडणाऱ्यांनी वरच्या मजल्यावर अनोळखी बिऱ्हाडं ठेवून घेतली. माळ्यावरचे कपडेही मोकळ्या हाताने दिले. त्यात फाटके होते, बटणं नसलेले होते, पण देताना मन मोठं होतं.

म्हणजे साठा भरपूर आहे. प्रश्न आहे तो खर्चाचा. ‘रोज थोडं थोडं चांगलं वागा, अंगवळणी पडेल’ असं सांगणाऱ्यांच्या नादी लागू नका. नदीला कशी 40 फुटांवर इशारा पातळी आणि 45 वर धोका पातळी ठरवून दिली आहे, तशी माणुसकीलाही असावी. चाळीसच्या आत कुणासाठीही जागचं हलायचं नाही.

सवय लागते कशी, ते आधी समजून घ्या. बँकेत पेन्शनीला आलेले आजोबा म्हणतात, “बाळ, एवढी स्लिप भरून दे.” तुम्ही भरता. पुढच्या महिन्यात ते काउंटर सोडून तुमच्याकडेच येतात. त्याच्या पुढच्या महिन्यात नाव विचारतात, नोकरी विचारतात, भडंगाचा पुडा हातात ठेवतात. मग एखाद्या महिन्यात ते दिसले नाहीत, तर तुम्हीच शिपायाला विचारत सुटता. बघा, व्यसन दोघांनाही लागलं! म्हणून पहिल्याच दिवशी ‘चष्मा विसरलो’ म्हणावं. चष्मा डोळ्यांवर असला तरी म्हणावं, त्यांना कुठं नीट दिसतंय?

एसटी स्टँडवर ‘जतची गाडी कुठली ओ?’ विचारणाऱ्या आजींना चौकशीच्या खिडकीकडे पाठवावं. खिडकीत कुणी असेल-नसेल, ते त्यांचं नशीब.

मिरजेत जास्त सांभाळून. 1894 पासून तिथं मिशनचा दवाखाना आहे, नंतर तर गल्लोगल्ली झाले, त्यामुळे कर्नाटकातून पेशंट येतच असतात. स्टेशनबाहेर कुणी चुरगळलेली चिठ्ठी पुढे करून ‘दवाखाने एल्लि?’ विचारलं, तर हात उंच करून लांब दाखवावं. सगळीकडे दवाखानेच आहेत, कुठल्या ना कुठल्या पोचेलच.

अपघाताचं मात्र अवघड होऊन बसलंय. पूर्वी ‘पोलिसांचं झंझट नको’ एवढं म्हटलं की काम भागायचं. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात 134अ कलम घातलं आणि तो आधार गेला. जखमीला चांगल्या मनाने मदत करणाऱ्यावर आता दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. 2021 मध्ये तर गंभीर जखमीला वेळेत दवाखान्यात पोचवलं म्हणून पाच हजारांचं बक्षीस सुरू झालं, 2025 मध्ये ते पंचवीस हजारांवर नेलं. सरकारने असं कोंडीत पकडलं, तरी ‘108 ला कुणीतरी फोन केलाच असेल’ हे वाक्य अजून शाबूत आहे. गर्दी जितकी मोठी, तितकं ते जोरात पटतं.

थोड्या थोड्या चांगुलपणाचा परिणाम बघायचा असेल तर मिरज तालुक्यातल्या दूधगावला बघा. 1910 च्या सुमारास भाऊराव पाटील आणि मंडळींनी तिथं विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढला आणि घराघरातून मूठमूठ धान्य मागितलं. मुष्टिफंड! बायांनीही ना पूर बघितला, ना दुष्काळ. दळणातली मूठ बाजूला काढत राहिल्या. पुढे 1919 मध्ये याच माणसाने रयत शिक्षण संस्था काढली आणि शेकडो शाळा उभ्या राहिल्या. आज जिल्ह्यात कुणाच्याही घरी जा, आजोबा रयतमध्ये शिकलेले निघतात. मुठीवर मर्यादा नसली की असं हाताबाहेर जातं.

काही माणसं मात्र सुधारण्याच्या पलीकडची असतात. प्रत्येक गल्लीत एक काकू असतेच. पोस्टमनला पाणी, कचऱ्याच्या गाडीवरच्या पोरांना ताक, शेजारच्या परीक्षार्थीला डबा. बारा महिने, पाणीपातळी न बघता. त्यांना हे सगळं समजावून सांगायची जबाबदारी तुमच्यावर आली, तर घरून चहा पिऊन जा. नाहीतर तुमचा पहिला मुद्दा संपायच्या आत त्या विचारतील, साखर किती घालू?