नाक, गन आणि माझी भीड

मागच्या वर्षी नणंदेच्या मुलीच्या लग्नात माझी चापाची नथ मठ्ठ्याच्या वाटीत पडली. पंगतीतले सगळे हसले, मीही हसले. पण वाटीतून काढून ती नथ पुसतानाच मी ठरवलं, की दिराच्या मुलाच्या लग्नात खरी नथ घालायची. म्हणजे नाक टोचायचं. वय वर्षं ४१, लग्नाला उरले होते पाच आठवडे.

आई फोनवर म्हणाली, "ये की कोल्हापूरला, गुजरीत टोचून घेऊ." माझे कान बाराव्या दिवशी तिथल्याच एका सोनारकाकांनी घरी येऊन टोचले होते. सोन्याची तार, एक पकड, वर नारळ आणि पैसे. मी म्हटलं, "आई, आता तारबीर कोण घालतं? इथं कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये गनशॉट मारतात. एका सेकंदात होतं, दुखत नाही." हे सगळं मी कशाच्या जोरावर बोलले, तर पार्लरच्या काचेवर चिकटवलेल्या कागदाच्या.

गेले त्या दिवशी मॅडम नव्हत्या. विशीच्या आतली एक मुलगी होती, माझ्या आयब्रो नेहमी तीच करते आणि छान करते. तिनं मला फेशियलच्या खुर्चीवर आडवं केलं, नाकपुडीवर बॉलपेननं ठिपका काढला. आरसा दाखवला नाही, मीही मागितला नाही. गन नाकाला लावली तेव्हा तिचा हात थरथरत होता. मला हात दिसत नव्हता, पण गनचं टोक नाकाला लागत होतं, सुटत होतं, परत लागत होतं. म्हटलं, "किती जणींचं केलंयस गं?" तर म्हणाली, "कान खूप केलेत ताई. नाक तुमचं तिसरं."

इथं उठायला हवं होतं. नाही उठले. का, तर तिला वाईट वाटेल! सोसायटीच्या मीटिंगमध्ये बिल्डरला उभाआडवा घेणारी बाई मी, आणि एका पोरीला "राहू दे गं, नको" म्हणता येईना. उलट मीच तिला धीर दिला, "कर गं, काही होत नाही." भीड भिकेची बहीण, असं आमची आजी उगाच नाही म्हणायची.

खट्‌ आवाज झाला आणि गन अडकली. चमकी अर्धी नाकात, अर्धी गनमध्ये. एका हातानं माझ्या नाकाला लटकलेली गन धरून ती दुसऱ्या हातानं मॅडमना फोन लावत होती. स्पीकरवर मॅडम म्हणाल्या, "गन हलवून काढ, आणि मग हातानं दाब जोरात." तिनं दाबली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. ३५० रुपये झाले. वर ५० मी तिच्या हातावर ठेवले. हो, टिप दिली.

चौथ्या दिवशी नाक टोमॅटोसारखं झालं. आठव्या दिवशी चमकीशेजारी तुरीच्या डाळीएवढी लाल गाठ आली. आईनं हळद आणि खोबरेल तेल सांगितलं, ते लावलं. शेजारच्या काकूंनी डेटॉल सांगितलं, तेही लावलं. कुणी म्हणालं चमकी रोज फिरवत राहा, नाहीतर चिकटते. मी इमानेइतबारे फिरवली. वन्संनी व्हॉट्सॲपवरचं ज्ञान पाठवलं, की डाव्या नाकपुडीची नस थेट गर्भाशयाला जाते, आपले ऋषीमुनी किती पुढचे. आता अजिंठ्याच्या चित्रांमध्ये बायकांच्या अंगावर पायापासून डोक्यापर्यंत दागिने आहेत, नाकात मात्र काही नाही. नथ आपल्याकडे फार तर हजारेक वर्षांची, हे भांडारकर संस्थेच्या प. कृ. गोड्यांनी कधीच लिहून ठेवलंय. पण सुजलेल्या नाकानं वन्संशी वाद कोण घालणार?

बाराव्या दिवशी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी बॅटरी मारून आत बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "गननं का?" चमकीची मागची फिरकी सुजेत रुतून बसली होती. भोक तिरकं गेलं होतं, बाहेर एका जागी आणि आत त्याच्या बरंच वर. त्यांनी चिमट्यानं ती काढली. तो अर्धा मिनिट मी इथं लिहीत नाही.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी गनच्या आधी वाचायला हवं होतं. गन कानाच्या पाळीसाठी असते. पाळी म्हणजे नुसती मऊ कातडी आणि चरबी. नाकपुडीत कूर्चा असते. सुई पोकळ आणि धारदार असते, ती कापत जाते. गनमधली चमकी त्यामानानं बोथट, ती स्प्रिंगच्या जोरावर घुसवली जाते. स्टेपलरच म्हणा ना. वर गनचं प्लॅस्टिक ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्रात, टाकता येत नाही, वितळेल. म्हणजे ती स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली जाते, आणि हिपॅटायटिस बी-सीसारख्या रक्तातून जाणाऱ्या आजारांच्या बाबतीत नुसत्या पुसण्यावर विसंबता येत नाही. पाळी सहा-आठ आठवड्यांत भरून येते, नाकाला चार ते सहा महिने लागतात, कधी जास्तही. म्हणजे पाच आठवड्यांत नथ हा माझा हिशेबच मुळात चुकला होता. त्याचं खापर पार्लरवर फोडता येणार नाही.

गाठ बघून मी केलॉइड, म्हणजे जखमेच्या जागी वाढत जाणारा कायमचा वण, म्हणून रडायच्या बेतात होते. त्या म्हणाल्या, प्रत्येक गाठ केलॉइड नसते, ही चिडलेली कातडी आहे, चिडवणं थांबवा. तेल बंद, डेटॉल बंद, फिरवणं बंद. फक्त ०.९ टक्क्यांचं निर्जंतुक सलाईन, दिवसातून दोनदा. आणि पिळायचं अजिबात नाही, कारण नाकाच्या भागातल्या शिरांचा संबंध थेट मेंदूजवळच्या शिरांशी येतो. पाकिटावर "सर्जिकल स्टील" लिहिलेल्या चमकीतही निकेल असतं, हेही तेव्हाच कळलं. मला खोट्या कानातल्यांची पहिल्यापासून ॲलर्जी. पण विचारलं कुणी आणि सांगितलं कुणी?

आता "सोनारानंच कान टोचावे" ही म्हण ऐकवायला येऊ नका, आईनं ऐकवून झालीय. त्या काकांची पकड उकळलेली असायची यावर मी पैज लावणार नाही. पण त्यांचा हात बसलेला होता, आणि तो बसेपर्यंत ते बापाशेजारी बसून शिकले होते. माझा राग त्या मुलीवर नाही. शिकायचं तर कुणाच्या तरी नाकावर शिकावं लागणारच. पण मग शेजारी जाणतं माणूस हवं, आणि नाकवालीला आधी सांगायला हवं. शिकाऊ पोरगं गाडी चालवतं तेव्हा पुढंमागं लाल अक्षरात 'एल' असतो, बाजूला मास्तर असतो, त्याच्याही पायाखाली ब्रेक असतो. इथं ब्रेक मॅडमच्या फोनमध्ये होता, तोही चौथ्या रिंगला उचलला.

लग्नात मी नथ घातलीच नाही. भोक बुजत होतं, चाप लावायची सोय नव्हती. फोटोंमध्ये सगळ्या सासवा-सुना नथवाल्या, आणि कडेला मी, नाकावर कन्सीलरचा थर घेऊन.

परवा मंडईत ती मुलगी भेटली. लांबूनच "ताई!" करत आली, आधी नाकाकडे बघितलं. या वेळी मी खरं सांगितलं, गाठीपासून डॉक्टरांपर्यंत सगळं. तिचं तोंड उतरलं. म्हणाली, "मला माहितीये ताई, नाकाला गन नाही मारायची. मी व्हिडिओ बघितलेत. पण मॅडमना कसं सांगू? तुम्ही सांगा ना." म्हणजे त्या खुर्चीच्या दोन्ही बाजूंना भीडच होती.

काल गेले. मॅडम स्वतः होत्या, चहा मागवत होत्या. मी सगळं सांगितलं, तिचं नाव न घेता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "असं कसं झालं हो? इतकी वर्षं करतोय आम्ही, एकाही कस्टमरची तक्रार नाही."

ते खोटं नसणार. मीसुद्धा तिथं गेले ती आठ महिन्यांनी.