लेखी आश्वासन नको, तारीख टाकून करार करा

आज सकाळी गावच्या ग्रुपवर पालिकेच्या गेटसमोरच्या मंडपाचा फोटो आला. पगार थकला म्हणून सफाई कामगार आणि पाणीपुरवठ्याची माणसं संपावर बसली आहेत. खाली एका शहाण्याने लिहिलं, "यांना फुकटचा पगार पाहिजे. सगळ्यांना काढा, ठेका द्या." पटापट अंगठे पडले. त्यात माझ्या वर्गातली पोरंही आहेत. डोकं सणकलं.

चार महिने पगार नाही झाला तर तू जाशील का रे कामावर?

माझे आबा पालिकेत व्हॉल्व्हमन होते. आमच्या गावाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही अपरात्री. आबा ती लांब लोखंडी चावी सायकलच्या दांडीला बांधून निघायचे, चेंबरचं झाकण उचलून चिखलात गुडघे टेकायचे आणि व्हॉल्व्ह फिरवायचे. मी शाळेत असताना त्यांचा संप झाला, महागाई भत्त्याच्या फरकासाठी. साहेब मंडपात आले, लिंबूपाणी पाजलं, फोटो काढले आणि एक कागद दिला : 'निधी उपलब्ध होताच प्राधान्याने कार्यवाही करण्यात येईल.' तारीख नाही, रक्कम नाही. आबांनी तो रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवला. आई म्हणाली, "कागद शे, पन पैसा कोठे शे?"

पैसा आला आबा रिटायर झाल्यावर, तोही तुकड्यातुकड्यांनी.

सगळा घोळ त्या कागदात आहे. आपल्याकडे संप मिटवतात, भांडण मिटवत नाहीत. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्य कर्मचारी १४ तारखेला संपावर गेले. आश्वासन मिळालं आणि २० तारखेला संप मागे. एसटीचं बघा. २०२१ च्या दिवाळीत सुरू झालेला संप एप्रिल २०२२ पर्यंत चिघळला. हजारोंना निलंबित केलं, एसटीचं राज्य सरकारात विलीनीकरण करता येणार नाही असं समितीने सांगितलं, शेवटी हायकोर्टाने २२ एप्रिलपर्यंत हजर व्हा म्हणून मुदत दिली. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये? पुन्हा संप झाला, आणि दोन दिवसांत मूळ पगारात ६,५०० रुपयांची वाढ कबूल झाली. बसून बोललं की जमतं! मग एसटी बंद पडेपर्यंत वाट का बघता?

हो, एसटी बंद असताना खेड्यावरच्या पोरींचं कॉलेज बुडालं. आबांच्या संपात आमच्याही गल्लीत पाणी नव्हतं, म्हातारी माणसं हंडे वाहत होती. मान्य. संपात स्वतःची पोळी भाजून घेणारे पुढारीही असतात, तेही मान्य.

पण माणसाला दुसरा रस्ता तरी ठेवला होता का? १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता, त्यात पाणी आणि सफाई या लोकोपयोगी सेवा होत्या. संपाआधी १४ दिवसांची नोटीस द्यायची आणि नोटीस गेली की समेट अधिकाऱ्याने, म्हणजे तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने, दोघांना समोरासमोर बसवायचं. तिथे नाही जमलं तर मागणीचं प्रकरण न्यायाधिकरणाकडे, म्हणजे औद्योगिक वादांच्या कोर्टाकडे, पाठवायचं की नाही, हे सरकार ठरवायचं. एसटीचा मालक सरकार, आणि कोर्टाचं दार उघडणारंही सरकारच होतं. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने संप करणं महाकठीण करून ठेवलं, त्याबद्दल माझा राग आहेच. पण समेट फसला तर ९० दिवसांत कामगारांना थेट न्यायाधिकरणाकडे जाता येतं, ही एक सोय तिने केली. तेवढं कबूल करतो.

आणि समेट अधिकाऱ्यासमोर सह्या झालेला करार दोन्ही बाजूंना बांधतो, मोडला तर शिक्षा आहे. आबांच्या कागदाला असं काही बंधन नव्हतं. त्यांना कोणी सांगितलंच नाही. आठवी शिकलेला माणूस, साहेबाची सही बघून हरखून गेला. हे लिहितानाही गळा दाटून येतो.

ठेका द्या म्हणणाऱ्यांनो, ठेकेदाराच्या माणसाला किमान वेतन तरी पूर्ण मिळतं का, गटारीत उतरलेल्या पोराच्या हातात मोजे आहेत का, ते आधी गल्लीत जाऊन बघा. आमच्या खान्देशातल्या कानबाई देवीच्या विसर्जनानंतर रस्ता कोण झाडतं ते बघा. मग अंगठे द्या.

सोमवारी मंडपात चर्चेला अधिकारी येणार आहेत म्हणे. संघटनेच्या पोरांना माझं एकच सांगणं आहे : मंडपात कागद घेऊ नका. बैठक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात, समेट अधिकाऱ्यासमोर मागा. लिपिक नको, मुख्याधिकारी स्वतः पाहिजेत. कोणत्या महिन्याचा पगार कोणत्या तारखेला, फरकाचे हप्ते किती, पीएफची कापलेली रक्कम खात्यावर कधी, सगळं आकड्यांत लिहून घ्या आणि मगच सही करा. मसुदा वाचायला वकील पाहिजे असेल तर मला फोन करा, फी मी देतो.