गावात राहणाऱ्याला भित्रा म्हणू नका

"गाव सोडतो तो वाघ, राहते ती शेळी" हा मेसेज परवा आमच्या भावकीच्या ग्रुपवर कुणीतरी थेट माझ्या चुलतभावाला टॅग करून टाकला. बीड जिल्ह्यात दोन एकर कोरडवाहू, घरात अंथरुणाला खिळलेली आई. त्याला शेळी म्हणताना जीभ कशी रेटते?

मेसेज म्हणतो, गरिबाला धोका पत्करायची हिंमत नसते म्हणून तो गरीब राहतो. साफ खोटं. बांगलादेशातल्या रंगपूर भागात भात कापणीला येण्याआधी दरवर्षी 'मोंगा' यायचा, म्हणजे उपासमारीचे दिवस. शहरात काम होतं, तरी कितीतरी घरांतून कुणी जात नसे. 2008 साली ब्रायन, चौधरी आणि मोबारक या अर्थतज्ज्ञांनी काही घरांना 600 टका दिले, जाण्या-येण्याच्या भाड्यापुरते. अट एकच, घरातल्या कुणीतरी कामाला बाहेर जायचं. पैसे न मिळालेल्यांत साधारण 36 टक्के घरांतून माणूस बाहेर पडला, मिळालेल्यांत 58 टक्के. पुढच्या वर्षी पैसे बंद झाले तरी त्यातले बरेच पुन्हा गेले. बसभाड्याने कुणाचा स्वभाव बदलतो का? काम मिळालं नाही तर भाडंही गेलं आणि घरात दाणाही नाही, ही भीती होती, आणि ती रास्तच होती.

ऊसतोडीला जाणारं जोडपं तरी धाडस म्हणून जातं का? मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच खर्चलेली असते. ती फेडायला कोयता उचलावाच लागतो आणि हंगामभर कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहावं लागतं.

नुसता लोटा घेऊन परमुलखात निघालेल्या मारवाड्याच्या धाडसाचं म्हणाल, तर कलकत्त्यात त्याच्यासाठी जातभाईंचा बासा होता, म्हणजे राहण्या-जेवणाची सोय. गिरणगावात चाकरमान्याला गावकीची खोली होती.

एक मान्य करावं लागेल. जर्मनीतल्या 2010 च्या एका अभ्यासात धोका पत्करणारे लोक जास्त स्थलांतर करतात असं दिसलं. पण तिथे हात टेकले तर बेकारभत्ता आहे.

आणि मेसेज म्हणे, 'गेलेला प्रत्येकजण वर येतो'. 8 मे 2020 ला करमाडजवळ रुळांवर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून मध्य प्रदेशातल्या घरी पायी निघाले होते.

भाऊ पुण्याला जावा असं ग्रुपवरच्या काकांना खरंच वाटत असेल, तर दोन महिन्यांचं खोलीभाडं आणि मेसचे पैसे पाठवा. काम नाही मिळालं तर परत मागणार नाही, हेही आत्ताच सांगा. आणि त्याच्या आईजवळ कोण थांबणार ते ठरवा.