काका, नॅचरल पळा

आपण पळताना बरे दिसतो असा माझा बरीच वर्षं समज होता. पुरावा एवढाच की त्यावर कधी कोणी काही बोललं नव्हतं. सकाळी साडेपाचला कोथरूडमधून निघायचं, एआरएआयच्या टेकडीला टेकून परत यायचं, येताना कटिंग मारायचा, असा माझा कार्यक्रम. सोसायटीच्या गेटवर झोपणारं कुत्रं माझ्या पावलांचा धप्प-धप्प आवाज आला की डोळेसुद्धा न उघडता एकदा शेपूट आपटायचं, म्हणजे ओळख पटली, जा आत.

मग सातारा हिल हाफ मॅरेथॉनचं नाव नोंदवलं आणि उजवा गुडघा बोलायला लागला. आधी फक्त जिना उतरताना, मग खुर्चीतून उठताना, मग शर्यतीतला यवतेश्वरचा घाट नुसता आठवला तरी. आमच्या रनिंग ग्रुपवर विचारलं तर अर्ध्या तासात चाळीस सल्ले आले, त्यात हळद-दुधापासून ते बारा हजारांच्या बुटांपर्यंत सगळं होतं, आणि एकाने लिहिलं, 'गेट ॲनालिसिस करून घे.'

हे मी घरी मोठ्याने वाचलं ही चूक झाली. आई म्हणाली, "कुठल्या गेटचं?" बायको म्हणाली, "सोसायटीचं गेट गंजलंय, त्याचं करा आधी, मागच्या मीटिंगमध्येच ठरलंय." गेट म्हणजे चालण्या-पळण्याची ढब, कॅमेरे लावून तपासतात, असं मी समजावून सांगितलं. फी अडीच हजार म्हटल्यावर मात्र आईने चष्मा काढला. "अडीच हजार? तू कसा चालतोस ते मी फुकट सांगते. बाबांसारखा."

फिजिओथेरपिस्ट मुलगी माझ्या पुतणीच्या वयाची. मी तयारीने गेलो होतो, जुने बूट पिशवीत घालून, कारण आमच्या कोपऱ्यावरचे चपला-बूट शिवणारे मामा दर वेळी 'साहेब, टाच बाहेरून घासती तुमची' म्हणतात आणि मला तो माझा खास दोष वाटायचा. तिने बूट उलटे करून बघितले आणि म्हणाली, "हे तर बहुतेकांचं असंच घासतं, काका." इतक्या वर्षांचा माझा खास दोष अर्ध्या मिनिटात सामान्य झाला. मग पलंगावर झोपवून पाय फिरवून बघितले, भिंतीला गुडघा टेकवायला लावला, आणि मग म्हणाली, "आता एका पायावर उभे राहा आणि बसा." उभं राहू की बसू, असं मी विचारलं. दोन्ही, म्हणाली. डाव्या पायावर जमलं. उजव्यावर गुडघा आत वळून दुसऱ्या गुडघ्याची गळाभेट घ्यायला निघाला. ती काही बोलली नाही, फक्त लिहून घेतलं, आणि डॉक्टर लोक न बोलता लिहायला लागले की मला घाम फुटतो.

त्यानंतर कंबर, गुडघे आणि घोट्यांवर चकचकीत टिकल्या चिकटवल्या, एक कॅमेरा बाजूला, एक मागे, आणि मी ट्रेडमिलवर. आता मी जन्मात ट्रेडमिलवर पळालेलो नाही. माझी सगळी ढब पुण्याच्या रस्त्यांनी घडवलेली आहे, म्हणजे खड्डा आला की डावीकडे, उलट्या बाजूने स्कूटर आली की उजवीकडे, आणि इथे समोर पांढरी भिंत. "काका, नॅचरल पळा," ती म्हणाली. 'नॅचरल' हा शब्द ऐकल्याबरोबर माणसाचे हात कुठे ठेवायचे तेच विसरायला होतं, लग्नाच्या व्हिडिओवाला 'नॅचरल जेवा' म्हणतो तेव्हा घास जसा घशात बसतो तसं. तिला हे माहीत असावं, कारण पाच-सहा मिनिटं तिने कॅमेरे सुरूच केले नाहीत, नुसतं साताऱ्याबद्दल विचारत बसली, आणि मी कंदी पेढ्यांवर बोलत असताना गुपचूप शूट केलं.

स्लो मोशनमध्ये स्वतःला पाठीमागून पळताना बघणं हा अनुभव शत्रूवरही येऊ नये. स्क्रीनवर एक जाडसर गृहस्थ बस सुटल्यासारखे पळत होते. उजवा हात छातीसमोर येऊन दर पावलाला एक माशी मारत होता. उजवा पाय टेकला की कंबर डावीकडे अशी खचायची की जणू डाव्या हातात दळणाचा डबा आहे. आणि ते मागून अगदी, अगदी बाबा होते. भाजीच्या दोन पिशव्या घेऊन मंडईतून बसस्टॉपकडे निघालेले बाबा. क्षणभर घशात काहीतरी आलं, पण तेवढ्यात तिने पेनाने कंबरेवर लाल रेघ मारली.

"हा पेल्विक ड्रॉप. उजव्या कुल्ह्याचा बाहेरचा स्नायू कमजोर आहे." मग बाजूचा व्हिडिओ. टाच आधी टेकते त्याचं तिला काही नव्हतं, हौशी पळणारे बहुतेक टाचेवरच उतरतात म्हणाली, पण माझा पाय शरीराच्या फार पुढे जाऊन पडतो. ओव्हरस्ट्रायडिंग. म्हणजे प्रत्येक पावलाला मी स्वतःच ब्रेक मारतो आणि तो ब्रेक गुडघ्यात बसतो. पळताना जमिनीकडून वजनाच्या साधारण अडीच पट दणका येतो. माझं वजन ७८, म्हणजे जवळजवळ दोन क्विंटल. माझा कॅडेन्स निघाला १५४, मिनिटाला एवढी पावलं. अडीच तासांच्या हाफ मॅरेथॉनचा हिशेब मी तिथेच मनात केला, २३ हजार १०० पावलं, आणि गुडघ्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

मग १८० करतो की, मी म्हटलं, कारण आमच्या ग्रुपवर १८० हा आकडा स्तोत्रासारखा म्हणतात. ती हसली. तो आकडा जॅक डॅनियल्स नावाच्या कोचने १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पळणाऱ्यांची पावलं मोजली त्यातून आलाय. "ते ऑलिंपिकवाले होते काका. तुम्ही आधी पाच टक्के वाढवा." म्हणजे १६२. पाच ते दहा टक्क्यांनीही गुडघ्यावरचा भार बराच उतरतो म्हणे.

माझा पुणेरी स्वाभिमान जागा झाला. मी म्हटलं, ती ब्रिटनची धावपटू पॉला रॅडक्लिफ पळताना मान केवढी हलवायची, तरी २००३ साली लंडनला २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत मॅरेथॉन मारलीच ना? ती म्हणाली, "मारली ना. त्या मान हलवायच्या. तुम्ही कंबर हलवताय, आणि गुडघा तुमचा दुखतोय." यावर मी पाणी प्यालो.

घरी आल्यावर व्यायाम. पायांना रबराचा पट्टा लावून कुशीवर पडायचं आणि शिंपल्यासारखा गुडघा उघडायचा-मिटायचा, तीन वेळा पंधरा-पंधरा. आई माळ ओढत बघत बसते आणि मध्येच विचारते, "याचे अडीच हजार?" व्हिडिओ मात्र तिने चार वेळा बघितला. चौथ्यांदा फोन हातातून सोडला नाही बराच वेळ, मग म्हणाली, "ह्यांचा पण उजवा गुडघाच होता."

पळताना कानात मेट्रोनोम. टिक-टिक-टिक, १६२ वर. पहिल्या आठवड्यात मी १६२ वर पळत नव्हतो, तुडतुडत होतो, छोटी-छोटी पावलं, गरम वाळूवरून चालल्यासारखी. टेकडीवरचे एक आजोबा थांबून म्हणाले, घाईची लागलीय का, खाली सुलभ आहे. तिसऱ्या आठवड्यात जरा बसलं. धप्प-धप्प जाऊन टप-टप-टप आवाज यायला लागला, गुडघाही उतरताना गप्प.

त्याच आनंदात परवा अंधारात परत येत होतो, टप-टप-टप, हलका, मस्त. गेटवरच्या कुत्र्याने डोळे उघडले. हा आवाज त्याच्या ओळखीचा नव्हता. मी 'अरे मी, मी' म्हणेपर्यंत ते उठलं होतं, आणि मी सरळ सोसायटी ओलांडून पौड रोडला लागलो होतो.

घड्याळात त्या शेवटच्या मिनिटाचा कॅडेन्स १८६ आलाय. मी स्क्रीनशॉट फिजिओला पाठवला. तिचा रिप्लाय आला, 'व्हेरी गुड काका! उजवा हात अजून क्रॉस होतोय का ते बघा.'