कोचचं दार उघडं असतं, पण आत कोण जातं?

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा लागला की अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये कंड्यांचं पीक येतं. (हा फुटबॉल हेल्मेट आणि खांद्यांवर पॅड चढवून खेळायचा, पाय लागतो तो क्वचित.) मोसम संपत आलेला असतो, कोच बदलायचे दिवस असतात, आणि अमक्या विद्यापीठाचा मुख्य कोच स्टाफशी कसा वागतो याची कुजबुज सुरू होते. समोरून आला तर मान हलवत नाही म्हणे. असिस्टंट त्याच्या खोलीत जायला टरकतात म्हणे. किंवा उलटं: फारच मोकळाढाकळा आहे, म्हणून कोणी जुमानत नाही. संघ जिंकत असेल तर त्याच तुसडेपणाला शिस्त म्हणतात, आणि हरायला लागला की त्याच मोकळेपणाला ढिलाई.

मराठी माणसाला हे ऐकताना जून २०१७ आठवतो. अनिल कुंबळेंनी भारतीय संघाचं प्रशिक्षकपद सोडलं आणि निवेदनात लिहिलं की कर्णधाराला आपल्या ‘शैली’बद्दल आक्षेप आहेत, हे मंडळाने आपल्याला आदल्या दिवशीच पहिल्यांदा सांगितलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये महिलांच्या टी-२० विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यातून मिताली राजला वगळलं, तेव्हा तिचं मंडळाला लिहिलेलं पत्र फुटलं आणि पाठोपाठ संघाचे प्रशिक्षक, मुंबईकर रमेश पोवारांचं म्हणणंही. तिने अपमान झाल्याचं लिहिलं होतं, त्यांनी तिला अलिप्त आणि सांभाळायला अवघड म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये सिडनी कसोटीच्या तोंडावर गौतम गंभीरांना सांगावं लागलं की ड्रेसिंग रूममधलं बोलणं तिथेच राहायला हवं. दर वेळी आपल्याकडे तेच दोन तट पडतात. एक म्हणतो, आचरेकर सरांपुढे मान वर करायची कोणाची टाप होती का? दुसरा म्हणतो, आताची पोरं तसं ऐकून घेत नाहीत. दोन्ही तट बोलतात ते स्वभावाबद्दल, आणि माझ्या मते घोडं तिथेच पेंड खातं.

अलाबामा विद्यापीठाचा माजी फुटबॉल कोच निक सेबनचं उदाहरण घ्या. सात राष्ट्रीय विजेतेपदं, त्यातली सहा अलाबामात. त्याच्या टेबलाखाली खोलीचं दार बंद करायचं बटण होतं, ही गोष्ट त्याच्या तुटकपणाचा पुरावा म्हणून वर्षानुवर्षं सांगितली गेली. सप्टेंबर २०१६ मध्ये संघ दणदणीत जिंकत असताना त्याने मैदानाच्या कडेला आपला आक्रमणाचा कोऑर्डिनेटर (म्हणजे चढाईचे डाव आखणारा असिस्टंट) लेन किफिन याला कॅमेऱ्यांसमोर फैलावर घेतलं. नंतर विचारलं तर म्हणाला, वाद वगैरे काही नव्हता, मी त्याची हजेरी घेत होतो. असा माणूस. तरीही दुसरीकडून नारळ मिळालेले मुख्य कोच त्याच्याकडे अ‍ॅनालिस्टच्या, म्हणजे पडद्यामागे बसून खेळाचा अभ्यास करणाऱ्याच्या, दुय्यम जागेवर आनंदाने येत. स्टीव्ह सार्किशियन तसाच आला आणि पुढे टेक्सासचा मुख्य कोच झाला. कर्बी स्मार्ट २००७ ते २०१५ तिथेच टिकला आणि थेट जॉर्जिया विद्यापीठाचा मुख्य कोच होऊन बाहेर पडला. स्वभाव कडू, पण काम कोणतं, ते कधी दाखवायचं आणि चुकलं तर काय होणार हे प्रत्येकाला ठाऊक. आणखी एक: सेबन असिस्टंटना वर्षातले मोजके प्रसंग सोडले तर पत्रकारांशी बोलू देत नसे. बाहेर एकच आवाज जावा हा हेतू. त्याचा दुसरा परिणाम असा की स्टाफला काय वाटतं हे स्टाफकडून कळायचं नाही, मग ती जागा ऐकीव गोष्टींनी भरून निघते.

अशी कंडी पारखायची तर आधी आकडा बघावा. २०२४ पर्यंत मुख्य कोचखेरीज दहाच असिस्टंटना मैदानावर शिकवायची मुभा होती. त्या वर्षी जूनमध्ये ही मर्यादा गेली आणि अ‍ॅनालिस्टसुद्धा शिट्टी घेऊन उतरले. मोठ्या विद्यापीठात हे सगळे, शिवाय ताकद वाढवणारा व्यायाम घेणारे कोच, दुखापती बघणारे ट्रेनर, सामानवाले, व्हिडिओवाले आणि खेळाडू हेरणारे धरून स्टाफ कित्येक डझनांत जातो. त्यामुळे ‘महिनाभरात माझ्याशी एक शब्द बोलला नाही’ असं म्हणणारा अ‍ॅनालिस्ट आणि ‘दिवसातून चार वेळा बोलतो’ म्हणणारा कोऑर्डिनेटर, दोघंही खरं बोलत असतात. वारही बघावा. शनिवारी सामना, रविवारी चित्रफितीवरून प्रत्येकाचे गुण मांडायचे, मंगळवार-बुधवारी जोरदार सराव, गुरुवारपर्यंत डाव पक्का. बुधवारी रात्री नवी कल्पना घेऊन दार वाजवणाऱ्याला ओरडा बसला, तर तो माणूसघाणेपणा नव्हे, वेळ चुकली.

मग बघावं कोण गेलं आणि कुठे. असिस्टंट वरच्या जागेवर गेला तर त्यातून काही सिद्ध होत नाही. पण डिसेंबरात नव्या खेळाडूंच्या सह्या झाल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत, तेवढ्याच पगारावर, त्याच हुद्द्यावर, लहान विद्यापीठात गेला तर कुठेतरी पाणी मुरतंय. त्याहून बोलकी खूण म्हणजे कचेरीतली सेक्रेटरी, सामान सांभाळणारा, ट्रेनर. ही माणसं कोच येतात-जातात तरी जागची हलत नाहीत. एका वर्षात त्यातली तिघं-चौघं उठून गेली, तर मी ती कंडी गंभीरपणे घेईन.

या विषयाला वजन येतं ते मेरिलँड विद्यापीठामुळे. २९ मे २०१८ रोजी तिथे ११० यार्डांच्या दहा दौडी मारताना जॉर्डन मॅकनेअर या १९ वर्षांच्या खेळाडूला उष्माघात झाला. बर्फाच्या पाण्यात बुडवून अंग थंड करायचा उपाय तिथे झालाच नाही. १३ जूनला तो गेला. पुढे चौकशी समितीने लिहिलं की संघातली संस्कृती विषारी म्हणता येणार नाही, पण बोलायची भीती वाटणारे खेळाडू फार होते आणि त्यामुळे प्रश्न आतल्या आत चिघळत गेले. रजेवर पाठवलेले कोच डी. जे. डर्किन यांना ३० ऑक्टोबरला पुन्हा रुजू करून घेतलं, आणि संताप उसळल्यावर दुसऱ्याच दिवशी काढलं. समितीचं हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात कोच दुष्ट आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. दाराला कुलूप नव्हतं, पण आत जायचा धीर नव्हता.

नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात २०२३ साली प्रश्न दुसऱ्या टोकाने आला. कपडे बदलायच्या खोलीत खेळाडूंनीच केलेल्या खेळाडूंच्या छळाच्या तक्रारीवरून कोच पॅट फिट्झजेराल्ड यांना आधी दोन आठवड्यांची निलंबनाची शिक्षा झाली. विद्यार्थ्यांच्या ‘डेली नॉर्थवेस्टर्न’ने तपशील छापले आणि १० जुलैला त्यांची नोकरी गेली. त्यांनी दावा लावला. २०२५ मध्ये तडजोड झाली तेव्हा विद्यापीठानेच म्हटलं की कोणी खेळाडूने त्यांना छळाबद्दल सांगितलं होतं, असं पुराव्यातून दिसत नाही. म्हणजे त्यांच्यापर्यंत कोणी गेलंच नाही. हे त्यांचं निर्दोषत्व मानायचं की अपयश, यावर दोन शहाणी माणसं भांडू शकतात. मी थोडा दुसऱ्या बाजूचा आहे.

कागदाच्या बाबतीत अमेरिका आपल्या पुढे आहे, हे कबूल करावं लागतं. सरकारी विद्यापीठातल्या कोचचा करार, पगार, मुदतीआधी काढलं तर द्यायची रक्कम, हे सगळं माहितीच्या कायद्याने मागून मिळतं. आपल्याकडे २०१८ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने क्रिकेट मंडळ माहिती अधिकाराखाली येतं असा आदेश दिला, पण प्रत्यक्षात ते आलं नाही. म्हणून कुंबळेंच्या ‘शैली’वर आपण अजून अंदाजच बांधतो. पण या कागदांचं फार कौतुकही नको. ते पैशाचं सांगतात, भीतीचं नाही. नॉर्थवेस्टर्नसारख्या खाजगी विद्यापीठाला तर तो कायदा लागूच होत नाही. आणि सगळ्यात खालच्या पायरीवरचा ग्रॅज्युएट असिस्टंट, तुटपुंज्या मानधनावर रात्री चित्रफिती कापत बसणारा, त्याची पुढची नोकरी मुख्य कोचच्या एका फोनवर अवलंबून असते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. सरांच्या शिफारशीवर निवड अवलंबून असलेल्या आपल्याकडच्या पोराहून तो फार वेगळा नाही.

अमेरिकेकडून काही उचलायचंच असेल तर २०१६ पासूनचा एक नियम उचलावा. मोठ्या संघांत कोणाला खेळवायचं आणि कोणाला बसवायचं, याचा वैद्यकीय निर्णय डॉक्टर आणि ट्रेनरचा. कोचला तो फिरवता येत नाही. नियम असूनही मेरिलँड घडलं, हे खरं. तरी त्याची दिशा बरोबर आहे, कारण त्यात कोच हसतमुख असण्यावर कोणाचा जीव टांगलेला राहत नाही. ट्रेनरचा पगार आणि बढती कोचच्या हातात ठेवली, तर मात्र हा नियम कागदावरच राहतो. स्टाफ सोडून जाणाऱ्याची शेवटची मुलाखतही कोचला उत्तरदायी नसलेल्या माणसानेच घ्यायला हवी.

मुंबई-पुण्याच्या मैदानांवर एप्रिल-मेमध्ये शिबिरं भरतात, पुढे मुंबईत हॅरिस आणि गाइल्स शिल्डचे सामने होतात. तिथले सर प्रेमळ आहेत की कडक, हे पालक एकमेकांना विचारतच असतात. त्यांनी आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. मुलगा बसेल एवढी टाकी किंवा टब, पाणी आणि बर्फ मैदानावर तयार असतो का? उष्माघाताचा संशय आला तर आधी अंग थंड करायचं आणि मगच दवाखान्यात हलवायचं, शरीराचं तापमान अर्ध्या तासात ३९ अंशांच्या खाली आणायचं, हे तिथे कोणाला माहीत आहे का? आणि त्या मुलाला टाकीत उतरवायला सरांची परवानगी लागते का?